थंडीच्या आत स्वेटर, आणि घरही सांभाळून: शरदातल्या विणकामाची आखणी

माझ्या मुलासाठी एका वर्षी मी शरदाच्या मध्यावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरी बाही बंद केली तेव्हा थंडी ओसरत आली होती, आणि तोवर पोरगं इतकं वाढलं होतं की दोन्ही बाह्या मनगटाच्या वर दोन बोटं राहिल्या. त्या दोन-अडीच महिन्यांत मी रात्री जागले, सुट्टीच्या दिवशी ‘एवढी ओळ होऊ दे’ म्हणत सगळ्यांना ताटकळत ठेवलं, आणि ज्याच्यासाठी एवढं चाललं होतं त्याच्याशीच तुटक बोलले. लोकर चांगली होती, वीणही चांगली जमली होती. आखणी मात्र मी केलीच नव्हती.

घर सांभाळणाऱ्याला विणायला सलग वेळ मिळत नाही, तुकडे मिळतात, हे मला तेव्हा कळलं. कुणाची वाट बघताना दहा मिनिटं, गप्पा मारताना अर्धा तास, सगळे झोपल्यावर तासभर. या प्रत्येक तुकड्याची जात वेगळी असते आणि कुठल्याही तुकड्यात कुठलंही काम बसत नाही. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे, आणि ज्या क्रमाने मी दरवर्षी करते त्याच क्रमाने सांगते.

सुरुवात कपाटापासून, लोकरीपासून नव्हे

उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखे होतात, आणि तिथून पुढे अंधार रोज थोडा लवकर पडतो. ही वेळ साधून घरातले सगळे जुने लोकरीचे कपडे बाहेर काढा आणि ज्याचे त्याला अंगात घालून बघायला सांगा. नुसते घड्या उलगडून अंदाज बांधू नका. मागच्या थंडीत सैल होणारी बाही यंदा तोकडी झालेली असते, आणि ते अंगात घातल्याशिवाय दिसत नाही.

या तपासणीत निम्मं काम हलकं होतं. कुणाच्या स्वेटरचं कोपर विरलेलं असतं, कुठे कसर लागून भोकं पडलेली असतात, कुठे फक्त काठाची पट्टी सैल झालेली असते. दुरुस्ती एका संध्याकाळची असते, नवा स्वेटर कित्येक आठवड्यांचा. म्हणून मी आधी दुरुस्तीचा गठ्ठा वेगळा काढते आणि तो संपल्याशिवाय नवे टाके घालत नाही. कसर दिसली तर तो कपडा लगेच बाकीच्यांपासून दूर करून धुवा. तिच्या अळ्या लोकर खातात, आणि घामाचा किंवा अन्नाचा डाग असलेली लोकर त्यांना जास्त आवडते.

मग घरच्यांना विचारा. हे मी फार उशिरा शिकले. आपण मनात ठरवून टाकतो की हिला मोरपंखी शोभेल, त्यांना उंच गळा ऊब देईल. आणि ते कपाटात पडून राहिलं की वाईट आपल्यालाच वाटतं. आता मी तीनच गोष्टी विचारते: हवंय का, कुठला रंग, आणि गळ्याशी घट्ट चालेल की मोकळं हवं. मुलंसुद्धा याची स्पष्ट उत्तरं देतात. लोकर टोचते का हे बघायला गोळ्यावरचा थोडा धागा सोडवून मानेच्या बाजूला किंवा कोपराच्या आत दहा मिनिटं धरायला सांगा. तळहातावर टोचणं कळत नाही, तिथली कातडी जाड असते.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: हे धुणार कोण? शुद्ध लोकर गरम पाण्यात चोळली गेली की आटते, तिचे तंतू एकमेकांत गुंततात आणि नमद्यासारखं जाड, लहान कापड हाती येतं; ते परत सैल होत नाही. घरात तीन-चार हात कपडे मशीनमध्ये टाकत असतील तर मशीनमध्ये धुता येते असं लेबलवर लिहिलेली लोकर घ्या, किंवा सरळ ॲक्रिलिक घ्या. मुलांच्या रोजच्या कपड्यांना मी हेच वापरते, आणि त्यात काही कमीपणा मानत नाही. फक्त ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण चपटी आणि लुळी पडते ती कायमची.

टाक्यांचा हिशोब

इथे जरा थांबा, कारण बहुतेकांची आखणी इथेच फसते. ‘महिन्याभरात होईल’ हा अंदाज कशावरून येतो? बहुधा इच्छेवरून. त्याऐवजी टाके मोजता येतात.

आधी स्वतःचा वेग काढा. ओळखीची साधी वीण घ्या, घड्याळ लावा, दहा मिनिटं नेहमीसारखं विणा आणि टाके मोजा. माझा वेग मिनिटाला २५ टाके येतो. खाली मी तोच धरला आहे, तुम्ही तुमचा आकडा घाला.

मग नमुना विणा. डीके (डबल निटिंग, म्हणजे मध्यम) जाडीची लोकर आणि ४ मि.मी.ची सुई घेतली तर साधारणपणे १० सें.मी. रुंदीत २२ टाके आणि १० सें.मी. उंचीत २८ ओळी बसतात. नमुना १५ सें.मी.चा तरी चौकोन करा, धुऊन वाळवा आणि मधले १० सें.मी. मोजा, कडेचे टाके फसवतात. हा तासभर वाया गेल्यासारखा वाटतो, पण तुमच्या हाताने २२ ऐवजी २० टाके बसत असतील तर १०० सें.मी. घेराचा स्वेटर ११० सें.मी.चा होतो, आणि ते तुम्हाला पंधरा दिवसांनी कळतं.

आता मोठ्या माणसाचा, तयार घेर १०० सें.मी. असलेला स्वेटर धरा. घेरात २२० टाके. खालच्या काठापासून मुंढ्यापर्यंत (बाही जिथे सुरू होते तिथपर्यंत) ३८ सें.मी., म्हणजे १०६ ओळी. एवढ्यातच २३,००० च्या वर टाके झाले. मुंढ्याच्या वरचा भाग साधारण ११,०००, आणि दोन बाह्या मिळून २१,००० धरा. सगळे मिळून ५५,००० च्या आसपास. मिनिटाला २५ या वेगाने हे ३७ तास होतात. रोज पाऊण तास विणलं तर ४९ दिवस, म्हणजे सात आठवडे, तेही एकही दिवस न चुकता आणि काहीही न उसवता.

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या, ६६ सें.मी. घेराच्या स्वेटरला असाच हिशोब केला तर २२,०००-२३,००० टाके येतात. पंधरा तास, रोज पाऊण तासाने वीस दिवस. कानटोपीला ६,००० च्या आसपास, म्हणजे चार तास. आणि मफलर? २० सें.मी. रुंद, दीड मीटर लांब: एका ओळीत ४४ टाके, ४२० ओळी, साडेअठरा हजार. बारा तासांहून जास्त! मफलर सोपा असतो म्हणून आपण तो ‘पटकन होईल’ या यादीत टाकतो, आणि तीन टोप्यांचा वेळ तो एकटा खातो.

या तासांमध्ये चौथाई भर घाला. जोड, गळ्याची पट्टी, बटणं, धाग्यांची टोकं आत घेणं, चुकलेलं उसवणं हे सगळं त्यात यायला हवं. मग बेरीज करा आणि घरातल्या प्रत्येकासाठी काहीतरी विणायचा बेत तिच्यासमोर ठेवा. माझ्या बाबतीत एका शरदात एक मोठं काम आणि दोन-तीन लहान कामं, यापलीकडे आकडा कधीच जात नाही. एका वर्षी मोठ्या स्वेटरचा मान सासूबाईंचा, बाकीच्यांना टोप्या आणि पायमोजे. पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्याची. हे सगळ्यांसमोर ठरवलं की कुणी रुसत नाही, आणि आपल्याही जिवाला घोर राहत नाही.

लोकर घेताना सगळे गोळे एकदम घ्या आणि लेबलवरचा रंगाच्या घाण्याचा क्रमांक एकच आहे ना ते तपासा. एकाच नावाचा रंग दुसऱ्या घाण्यात किंचित वेगळा निघतो. दिवसा दोन गोळे शेजारी धरून फरक दिसत नाही, आणि छातीवर मात्र सरळ रेघ उमटते.

तीन पिशव्या

एक आठवडा नुसतं निरीक्षण करा. दिवसात आपले हात कधी मोकळे असतात आणि तेव्हा डोळे, कान, मन कुठे असतं? कागदावर लिहून काढा. मला माझ्या दिवसात तीन प्रकारचे तुकडे सापडले, आणि मी प्रत्येकासाठी एक पिशवी केली.

पहिली पिशवी बाहेरची. दवाखान्यात नंबर येईपर्यंत, मुलांचा क्लास सुटेपर्यंत, प्रवासात. यात फक्त लहान गोष्ट ठेवायची: पायमोजा, टोपी, तान्ह्या बाळाची कानटोपी. एक गोळा, एक सर्क्युलर सुई, छोटी कात्री, बोथट सुई. सर्क्युलर सुईच मी सुचवेन, कारण तिची दोन्ही टोकं एका तारेने जोडलेली असतात. एक सुई सीटखाली घरंगळून गेली असं होत नाही, आणि शेजारच्याला कोपर लागत नाही.

दुसरी पिशवी बैठकीतली. ही सगळ्यात महत्त्वाची. सगळे एकत्र बसलेले असतात, कुणी शाळेतलं सांगतंय, कुणी काही वाचून दाखवतंय. इथे सलग सुलट विणीचं काम हवं, ज्यात खाली बघावं लागत नाही: स्वेटरच्या अंगाचा गोल भाग, साधी शाल. हातांनी विणायचं आणि डोळ्यांनी माणसांकडे बघायचं. मोजावं लागणारं काम इथे आणलं की तोंडाने ‘हं, हं’ चालतं आणि मनात ‘सतरा, अठरा’. मुलांना हे लगेच कळतं. आणि मूल काही गंभीर सांगायला समोर येऊन बसलं तर साधी वीणसुद्धा मांडीवरून खाली ठेवायची. मी हा नियम स्वतःला घातलाय आणि तो पाळते.

तिसरी पिशवी एकांताची. वेणीची वीण, जाळी, दोन रंगांचं नक्षीकाम, गळ्याचे टाके उचलणं, मुंढ्याचे टाके कमी करणं. यासाठी शांतता आणि उजेड दोन्ही लागतात. गडद रंग दिवसाच विणा. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीचे टाके संध्याकाळी दिव्याखाली एकमेकांत मिसळून जातात; विणावंच लागलं तर मांडीवर पांढरं कापड पसरा, टाक्यांच्या फटींतून ते दिसतं आणि टाका ओळखू येतो. आठवड्यात असा एक-दीड तास घरच्यांकडून मागून घ्या, आणि तो त्यांना आधी सांगून घ्या. न सांगता चोरलेल्या वेळेत कुणी ना कुणी हाक मारतंच, आणि मग चिडचिड होते.

एकाच स्वेटरचे भागसुद्धा पिशव्यांमध्ये विभागता येतात. गळ्याची सुरुवात एकांतात करायची, अंगाचा भाग बैठकीत आणायचा, बाही बाहेर न्यायची. दोन्ही बाह्या एकाच लांब सर्क्युलर सुईवर, दोन वेगळ्या गोळ्यांनी, एकदम विणल्या तर दोन्ही एकाच वेळी संपतात आणि मापही सारखं येतं. माझ्या मुलाचा तो स्वेटर रखडला तो दुसऱ्या बाहीपाशीच.

हाक आली की सुई कशी ठेवायची

घरात विणणाऱ्याला हे कसब विणीइतकंच लागतं. शक्यतो ओळ पूर्ण करून उठा. पण मूल पडलं, दार वाजलं, तर ओळीच्या मध्येच उठावं लागतं. अशा वेळी टाके सुईच्या टोकापासून मागे ढकला, टोकांवर रबराचं टोपण लावा (नसेल तर रबरबँडचे दोन वेढे), आणि सरळ उठा. दहा सेकंदांचं काम आहे.

परत आल्यावर पुष्कळांना पडणारा प्रश्न: आपण कुठल्या दिशेने चाललो होतो? दोन्ही सुया हातात घ्या आणि गोळ्याकडे जाणारा धागा कुठून निघतोय ते बघा. तो नुकत्याच विणलेल्या टाक्यातून निघतो, आणि ती सुई उजव्या हातात असायला हवी. उलटं धरून विणायला लागलात तर ओळीच्या मध्ये वळण पडतं, तिथे एक भोक राहतं आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात.

ओळी लक्षात ठेवण्यावर भरवसा ठेवू नका, विणीतच त्या वाचायला शिका. सुलट टाका समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. उभ्या रांगेतले व्ही मोजले की ओळी कळतात. नक्षी अवघड असेल तर दर दहा-बारा ओळींनी एक वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे काही बिघडलं तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं, टाके त्याच्यावर थांबतात.

आणि टाका निसटला तर? घाबरून सुई ओढू नका. निसटलेला टाका खाली शिडीसारख्या आडव्या धाग्यांची रांग सोडत जातो. सुलट बाजू समोर घ्या, क्रोशाची सुई समोरून त्या मोकळ्या टाक्यात घाला, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकडा आणि टाक्यातून पुढे ओढून घ्या. एक पायरी झाली. असं एकेक पायरी चढत सुईपर्यंत या आणि टाका डाव्या सुईवर चढवा. मधली एकही पायरी सोडायची नाही, नाहीतर मागे एक धागा लोंबत राहतो.

लहान मुलं घरात असतील तर

सुया, कात्री, बटणं झिप असलेल्या पिशवीत आणि उंचावर. काम ठेवताना सुया मोजून ठेवायची सवय लावा. सोफ्यात राहिलेली सुई कधीतरी कुणाला टोचतेच. तान्ह्या बाळाच्या कपड्याला गळ्याशी बांधायची नाडी नको, सहज निघेल असं बटण नको, आणि मोहेरसारखी तंतू सुटणारी लोकर तर अजिबात नको. मोजे आणि हातमोजे आतून उलटे करून बघा. लोंबता धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून गळा खांद्यापाशी उघडणारा ठेवा.

मुलाला शिकायचं असेल तर चार-पाच वर्षांचं मूल नुसत्या बोटांवर लोकरीची दोरी विणू शकतं. सहा-सात वर्षांनंतर सुया द्या: ५ किंवा ६ मि.मी.च्या, लाकडी, कारण लाकडावरून टाके घसरत नाहीत. लोकर जाड आणि फिक्या रंगाची. १५ टाके तुम्ही घालून द्या आणि पहिले काही दिवस सुलटच विणू दे. भोकं पडली तर पडू देत, त्याच्या हातातून काढून घेऊन दुरुस्त करू नका. माझ्या मुलीचा पहिला तुकडा एका टोकाला १५ टाक्यांचा आणि दुसऱ्या टोकाला २३ टाक्यांचा झाला होता. तो आमच्या बाहुलीची शाल झाला आणि अजून जपून ठेवलाय.

हातांनाही जपा. अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटं ताणा, मनगटं फिरवा, खांदे सैल सोडा. दुखत असताना विणू नका, मग तारीख कितीही जवळ असो.

तारीख असेल तर उलटं मोजा

भेट द्यायची असेल तर शेवटच्या दिवसापासून मागे या. शेवटचं काम धुण्याचं: कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायचं, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट पसरून मापावर ओढून वाळत घालायचं. ओला स्वेटर टांगला तर स्वतःच्या वजनाने लांबतो. गार, दमट हवेत जाड स्वेटर वाळायला दोन दिवस सहज जातात. यासाठी तीन दिवस राखून ठेवा. त्याआधी दोन संध्याकाळी टोकं आत घ्यायला आणि बटणं लावायला. त्याआधी एक अख्खा आठवडा मोकळा सोडा. कुणालातरी ताप येतो, पाहुणे येतात, शाळेचं काहीतरी निघतं. ऋतू बदलताना हे हमखास होतं. उरलेल्या दिवसांत तुमचे तास बसतात का ते बघा. बसत नसतील तर आजच काम बदला: स्वेटरची बंडी करा, मफलरची टोपी करा. अर्ध्या वाटेवर बंडी केलेला स्वेटर मी दोनदा दिलाय आणि दोन्ही बंड्या अजून वापरात आहेत.

मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट मी आता कधीच चुकवत नाही. बाही मुंढ्यापासून मनगटाकडे विणते, आणि अंगसुद्धा वरून खाली. वीण शेवटच्या, बंद केलेल्या टोकाकडून सहज उसवते. सुरुवातीच्या टोकाकडून तशी उसवत नाही. म्हणून मनगटाचा काठ शेवटी आला की पुढच्या वर्षी तो उसवून तिथूनच बाही वाढवता येते. त्यासाठी उरलेली लोकर एका लहान डबीत, लेबल आणि सुईचं माप लिहिलेल्या चिठ्ठीसकट ठेवते, आणि ती डबी त्या स्वेटरच्या घडीतच ठेवते. मुलाचा आताचा हिरवा स्वेटर असाच तिसऱ्या थंडीत चाललाय. बाहीवर दोन ठिकाणी नव्या लोकरीची रेघ दिसते, आणि मागच्या वर्षी किती वाढलो हे तो त्या रेघेवर बोट ठेवून बघतो.